हिरव्या मोटारीची गादी

पाटीवर लिहिलं होतं, ‘बैठक मूळची, विलायतेत बनवलेली.’ मी ती पाटी दोनदा वाचली. शाळा चौथीपर्यंतच झाली असली तरी छापील अक्षर मला नीट वाचता येतं. शिवण त्याहून नीट वाचता येते. ती बैठक विलायतेतली नव्हती. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, लाकडी बाकावर बसून मी ती शिवली होती.

आमचे हे बाजूलाच उभे होते. म्हणाले, “काय गं, एवढं काय वाचतेस?”

मी म्हटलं, “काही नाही.”

‘काही नाही’ म्हणायची मला फार जुनी सवय आहे. त्या सवयीपायी एका माणसाचं नुकसान झालं. ते एकदा कागदावर उतरावं म्हणून मुलीच्या जुन्या वहीतली कोरी पानं घेऊन बसले आहे. हे कुणाला दाखवायचं नाही.

आधी त्या संग्रहालयाबद्दल. ठाण्याला खाडीच्या बाजूला वल्लभशेठांचा बंगला आहे. शेठना तरुणपणापासून शर्यतीच्या मोटारींचा नाद. साहेबलोक देश सोडून गेले तेव्हा जाताना त्यांनी आपल्या मोटारी विकल्या, त्यातल्या बऱ्याच शेठनी घेतल्या. आता वय झालं, डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून त्यांनी गाडी चालवायची सोडली आणि बंगल्यामागच्या लांब शेडमध्ये सगळ्या मोटारी ओळीनं मांडून रविवारी लोकांना बघायला खुल्या केल्या. ह्यांनी ते पेपरात वाचलं. आम्ही आता डोंबिवलीला राहतो, पण हे म्हणाले, “चल, तुझ्या जुन्या गिऱ्हाइकांना भेटून येऊ.” गिऱ्हाईक म्हणजे मोटारी.

शेडमधली फरशी इतकी चकचकीत होती की लोक चपला आपण होऊन दाराबाहेर काढत होते. आत गेल्यावरही कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मोटारी दोरीच्या पलीकडे. बसक्या, लांब नाकाच्या, दोनच माणसं बसतील एवढ्या, काहींना टपच नाही. एक बाई आपल्या नवऱ्याला विचारत होती, “सामान कुठं ठेवत असतील?” तो म्हणाला, “सामान असलेली माणसं यात बसत नाहीत.” चौथी मोटार हिरवी होती. बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा रंग, आणि आत तपकिरी चामड्याची बैठक. मला ती दारातूनच ओळखू आली.

मी या कामात कशी आले ते सांगते. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी ह्यांना छातीचं दुखणं लागलं. दीड वर्ष अंथरुणात होते. मी गोधड्या शिवून द्यायला लागले. एकदा चाळीच्या कठड्यावर धुतलेली गोधडी वाळत घातली होती, तर रस्त्यावरून दत्तूमालक जात होते ते थांबले. खालूनच ओरडून विचारलं, “ही मशीनची की हातची?” मी आत पळाले. ह्यांनी आतून खोकत उत्तर दिलं, “हातची.” दत्तूमालकांचा मोटारीच्या गाद्यांचा आणि टपांचा कारखाना होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला.

मोटारीची गादी बाहेरून चामड्याची दिसते, पण चामडं म्हणजे नुसता सदरा. खाली लाकडी चौकट, तिच्यावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, काथ्यावर घोड्याच्या शेपटीचे केस, मग कापसाचा थर, आणि सगळ्यात वर चामडं. केस का, तर ते दबतात आणि परत उठतात. कापूस एकदा बसला की बसला. वरून ज्या उभ्या नळ्या दिसतात त्या एकेक भरून, टाचून काढायच्या असतात. एका नळीत मूठभर केस जास्त गेले तर बसणाऱ्याला काही सांगता येत नाही, पण कल्याणपर्यंत जाईतो त्याची कंबर धरते.

हे सगळं मला इस्माईलचाचांनी शिकवलं. चाचा मूळचे कल्याणचे. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. चामडं कापायला त्यांनी कधी कागदाचा नमुना केला नाही. नुसती बैठकीवरून हाताची वीत फिरवायची आणि कात्री लावायची. मला ते वैनी म्हणायचे. मी मान खाली घालून काम करायची, तर म्हणायचे, “अगो वैनी, सुईकडं बघ, जमिनीकडं कशाला बघतंस? जमीन कुठं जात नाय.”

चामड्याचं काम करते म्हणून सुरुवातीला चाळीतल्या बायका नळावर माझी घागर शेवटी ठेवायला लावत. मी काही बोलत नसे. उलट शेवटी नंबर आला की कुणाशी बोलावं लागत नाही, हे मला बरंच वाटायचं.

चाचांचा एक नियम होता. जुनी गादी उसवली की आत काय काय सापडतं. केसांचे आकडे, बटणं, सिनेमाची तिकिटं, एकदा तर दाताची कवळी. चाचा ते सगळं एका पत्र्याच्या डब्यात ठेवत आणि गाडीवाला आला की त्याच्यापुढे डबा धरत. कागद असला तर वाचायचा नाही. “गादीत सापडला तो ज्याचा त्याला. आपून फकस्त शिवायचा,” म्हणत. कल्याणच्या एका डॉक्टरांच्या गाडीत मागच्या बैठकीत लहान मुलाचा एक वाळा सापडला. डॉक्टर नेहमी घाईत असायचे. त्यांनी वाळा तळहातावर घेतला आणि आमच्या बाकावर बसून राहिले. मग खिशात घालून निघून गेले.

दुसरी गिऱ्हाइकं हसवणारी असत. मानपाड्याकडचे एक शेतकरी गवताच्या व्यापारात वर आले आणि त्यांनी जुनी मोटार घेतली. त्यांची आई गाडीत बसेना. “मेलेल्या ढोराव बसून देवाला जायाचा? मी पायी जाईन.” मग त्यांनी गाडीचं सगळं चामडं काढायला लावलं. चाचा कपाळाला हात लावून बसले. मी घाबरत म्हटलं, आजींच्याच जुन्या लुगड्यांचे थर घालून वर गोधडीची शिवण घातली तर? आजी स्वतः कारखान्यात आल्या. बैठक जमिनीवर ठेवली होती, तिच्यावर मांडी घालून बसल्या, दोनदा उसळून बघितलं आणि लेकाला म्हणाल्या, “आता मोटार नसली तरी चालल, गादीच ठेव.” त्या दिवशी चाचांनी मला पहिल्यांदा चामडं शिवायला दिलं. म्हणाले, “लुगडा शिवतंस ते चामडा बी शिवशील.”

आता खरी गोष्ट.

माझ्या माहेरी रीत होती की गोधडी रिकामी मिटायची नाही. चारही बाजू शिवून झाल्या की शेवटच्या कोपऱ्यात तांदळाचे दहा-बारा दाणे आणि सुपारीचं एक खांड, हळदीच्या चिंधीत बांधून ठेवायचं, आणि मग कोपरा बंद करायचा. ज्याच्या अंगावर ती जाईल त्याचं घर भरलेलं राहावं, एवढाच अर्थ. आईनं शिकवलं, हाताला सवय लागली. मोटारींच्या गाद्या शिवायला लागले तेव्हाही शेवटचा कोपरा आला की हात आपोआप कनवटीला खोचलेल्या दाण्यांकडे जायचा. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही वाटलं नव्हतं. दहा-पंधरा गाड्यांत मी असे दाणे टाकले असतील. त्या टॅक्सी, नाहीतर डॉक्टर-वकिलांच्या गाड्या. रोज चालणाऱ्या, रोज माणसं बसणाऱ्या. त्यांना काही झालं नाही.

वल्लभशेठांची हिरवी मोटार आमच्याकडे आली ती चैत्रात. बैठक पार फाटलेली. शेठ म्हणाले, “जुनी होती तशीच पाहिजे. एक नळी कमी नको, एक जास्त नको.” चाचांनी आठ दिवस नुसता अंदाज घेतला. जुनी शिवण एकेक टाका मोजून उसवली. कापलं त्यांनी, भरलं आणि शिवलं मी. बैठक बसवली तेव्हा शेठ बसले, चाकावर हात ठेवला आणि बराच वेळ उतरलेच नाहीत. दत्तूमालकांनी सगळ्यांना चहा पाजला.

मग पावसाळा लागला. अशी मोटार पावसात कोणी काढत नाही, हे मला कुठे ठाऊक? चार महिने ती शेडमध्ये कापडाखाली झाकलेली. दसऱ्याला पूजेसाठी शेठनी पाहुण्यांसमोर कापड ओढलं, तर आत उंदरांनी संसार मांडलेला. बैठकीचा कोपरा कुरतडून आतले केस बाहेर आलेले, आणि मधोमध पाच-सहा गुलाबी पिल्लं. पाहुणे हसले म्हणे. शेठना ते हसणं फार लागलं.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः गादी घेऊन कारखान्यात आले आणि आमच्या बाकावर टाकली. दत्तूमालकांनी उरलेलं चामडं ओढून काढलं. काथ्यात अडकलेले दोन तांदूळ त्यांच्या बोटाला लागले. त्यांनी ते उचलून चाचांच्या डोळ्यांपुढे धरले. रेशनचे दिवस होते.

“माणसांना तांदूळ मिळत नाहीत इस्माईल, आणि तू उंदरांना मोटारीत घालतोस?”

चाचा गोणपाट बाजारातून आणत. धान्याची जुनी पोती स्वस्त पडायची. ती ते धूत, उन्हात घालत, काठीनं झोडपत. एकही दाणा राहू देत नसत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मालकांनाही.

“झाडलं नाहीस गोणपाट,” मालक म्हणाले. शेठ समोर उभे होते, कुणावर तरी ठपका ठेवणं भाग होतं.

चाचा गादीत हात घालून केस चाचपत होते. त्यांचा हात कोपऱ्याशी थांबला आणि मूठ मिटली. मुठीतून पिवळ्या कापडाचं एक टोक बाहेर दिसत होतं. मला दिसलं. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं नाही, आणि मूठ खिशात घातली.

“गोणपाट माजा. चूक माजी,” म्हणाले.

मालक म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

मी चार हातांवर बसले होते. सुई हातात होती. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण ह्यांचं औषध चालू होतं, मुलगी पाळण्यात होती, आणि त्याहून खरं सांगायचं तर चार पुरुषांसमोर मला बोलताच येत नसे. चाचांनी आपली कात्री आणि तो पत्र्याचा डबा उचलला, सगळ्यांना सलाम केला आणि गेले. मला म्हणाले, “वैनी, जातो.” मी मान हलवली.

मालकांनी तीच गादी नव्यानं करायला मला दिली. “त्याच्या हाताखाली शिकलीस, आता त्याच्या बाकावर बस.” चाचांचा नमुना कागदावर नव्हताच. मला तो हातात आठवत होता. ती गादी मी एकटीनं कापली आणि शिवली. शेवटच्या कोपऱ्याला आले तेव्हा कनवटीला हात गेला, तो मी मागे घेतला. पुढे सहा वर्षं, डोंबिवलीला येईपर्यंत, मी त्या बाकावर होते. लोक माझ्या कामाचं नाव काढत. नाव काढलं की मला ती मिटलेली मूठ दिसायची. चाचा कल्याणला टांग्यांच्या गाद्या शिवतात असं कानावर आलं होतं. कल्याण काही लांब नाही. पण मी गेले नाही.

तर त्या रविवारी मी त्या गादीसमोर उभी होते आणि पाटी म्हणत होती, विलायतेची. शेठ दाराजवळ वेताच्या खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नमस्कार घेत होते. मी तिथवर कशी चालत गेले ते मला आता आठवत नाही. त्यांच्यापुढे उभी राहिले तेव्हा ह्यांनासुद्धा आश्चर्य वाटलं असणार.

“शेठ, त्या हिरव्या मोटारीत उंदीर झाले होते ना, ते तांदूळ मी टाकले होते. इस्माईलचाचांनी नाही. मी गादी शिवणारी.”

शेठनी चष्मा वर केला. आधी माझ्याकडे, मग आजूबाजूला बघितलं.

“हळू बोला बाई. पाटी वाचली ना तुम्ही? उंदरांचं इथं कुणाला सांगू नका.” मग म्हणाले, “इस्माईल कोण?”

“तुमच्या गादीपायी ज्यांना काढलं ते.”

“माझ्या गादीपायी काढलं?” त्यांना खरंच आठवत नव्हतं. ते आठवायचा प्रयत्न करत होते, हेही दिसत होतं. “बरीच वर्षं झाली बाई. सरबत घ्या. अरे, यांना सरबत द्या.”

सरबताचा पेला मी तसाच खाली ठेवला. बाहेर येऊन चपला घालताना हे म्हणाले, “इतकी वर्षं मला बोलली नाहीस?”

“तुम्ही आजारी होता.”

“म्हणजे माझ्या औषधापायी त्या म्हाताऱ्याचं काम गेलं.” मग म्हणाले, “शेठला सांगून काय उपयोग? त्याचं काय गेलं होतं? ज्याचं गेलं त्याला सांग.”

पुढच्या रविवारी मी कल्याणला गेले. हे येतो म्हणाले, मी नको म्हटलं. डब्यात नारळाच्या वड्या घेतल्या. बाजारपेठेत टांगेवाल्याला विचारलं तर त्यानं आपल्याच टांग्याच्या गादीवर थाप मारली. “चाचाचीच आहे. ती बघा, समोरची ओटी.”

चाचा ओटीवर बसून शिवत होते. दाढी विरळ झाली होती.

“कोण?”

“मी. ठाण्याची वैनी.”

“ठाण्याची वैनी कोणबी सांगल. हात दाखव.”

मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या अंगठ्याजवळचा सुईचा जुना वण बघितला आणि बाजूचं पोतं सरकवून जागा केली.

मी बसले आणि लगेच बोलले, नाहीतर राहिलंच असतं. “चाचा, त्या हिरव्या मोटारीत तांदूळ मी टाकलेले.”

त्यांनी हातातला दोरा संपेपर्यंत शिवलं, गाठ मारली, दातानं तोडला.

“मना म्हाईत हाय. उंदरांनी तांदूळ खाल्लान, सुपारी ठेवलान.”

“मग तेव्हा बोलला का नाही?”

“तू का नाय बोललीस?”

रस्त्यावरून दोन टांगे गेले. मी म्हटलं, “भीती वाटली.”

“मना बी भीती वाटली. तू बोलशील, नि तो दत्तू दोगांनाबी काढील. मना कल्याणात घर व्हता. तुना काय व्हता?” ते सुईत नवा दोरा ओवू लागले. नेढ्यात दोरा जाईना, तर सुई माझ्याकडे दिली. मी ओवून परत दिली. “राग व्हता, नाय असा नाय. दोन वर्सं व्हता. तू येशील असा वाटायचा. मंग टांग्याच्या गाद्या शिवता शिवता गेला. मोटारीचा चामडा परत हातात आला नाय, येवढाच.”

एवढंच म्हणाले, पण ते म्हणताना त्यांनी हाताची वीत पोत्यावर फिरवली, जशी बैठकीवर फिरवायचे तशी.

मी त्यांना संग्रहालयातल्या पाटीचं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

“विलायतेची लिवलंय?”

“हो. मूळची, विलायतेत बनवलेली.”

चाचा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळे पुसले. “मंग वैनी, आपून विलायतेची मानसा झालो. तो शेठ येवढा मोजून घेत व्हता, त्यालाबी फरक कळला नाय.” मग एकदम गंभीर होऊन विचारलं, “शेवटचा कोपरा कसा बंद केलास?”

“आतून वळवून, आडवी शिवण घालून. तुम्ही सांगायचात तशी.”

“आत काय ठेवलास?”

“काही नाही.”

“मंग गाडी रिकामीच पाठवलीस,” चाचा म्हणाले.

निघताना त्यांनी वड्यांचा डबा आत नेला. बराच वेळ लागला. आतून डबे सरकवल्याचा आवाज येत होता. बाहेर आले तेव्हा डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “गादीत सापडला तो ज्याचा त्याला.”

मी डबा घरी येऊन उघडला. वड्यांच्या जागी दोन मुठी तांदूळ होते, आणि त्यांच्यावर टांग्याच्या गादीच्या कापडाची एक लहानशी पुरचुंडी. तोंड गाठ मारून नव्हे, शिवून बंद केलेलं. आतून वळवून, वर आडवी शिवण. बोटानं दाबलं तर आत सुपारीचं खांड लागलं.

ती मी उसवलेली नाही. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवले, आम्ही तिघांनी खाल्ले. पुरचुंडी देवापाशी ठेवत होते, तर हे म्हणाले, “उंदीर येतील हं.” म्हणून ती पत्र्याच्या डब्यात ठेवली आहे.